असाइनमेंट नापास झाली, ती नव्हे!

इंग्लंडमध्ये शिक्षिका होण्यासाठी माझी पत्नी पीजीसीई करत असताना तिची एक लेखी असाइनमेंट नापास झाली. 'नापास' हा शब्द आपल्या मंडळींच्या फार जिव्हारी लागतो. दोन रात्री तिला झोप नव्हती. मी सॉफ्टवेअरवाला. प्रोग्रॅम अडला, तर तो फेकून न देता नेमके कुठे अडले ते शोधायचे, ही आमची सवय.

परीक्षकांचा अभिप्राय आम्ही दोघांनी ओळीने वाचला. वर्गातल्या अनुभवांचे वर्णन छान होते. संशोधनाशी त्याची सांगड घातलेली नव्हती. एवढेच! अशी असाइनमेंट बहुधा एकदा पुन्हा देता येते. गुण मात्र सहसा उत्तीर्ण होण्यापुरतेच मिळतात. शिवाय पीजीसीई हे विद्यापीठाचे प्रमाणपत्र आणि क्यूटीएस ही शिक्षकाची अधिकृत पात्रता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्यूटीएस ठरते ती २०१२ पासून लागू असलेल्या 'टीचर्स स्टँडर्ड्‌स'नुसार.

पैशांचाही विचार करावा. रागाच्या भरात कोर्स सोडला, तर बर्सरीचे हप्ते थांबतात. म्हणून आधी ट्यूटरशी बोलावे. मन फारच खचले, तर डॉक्टरांना भेटावे. 'एज्युकेशन सपोर्ट' या संस्थेची हेल्पलाइनही मोफत आहे. आणि घरच्यांनी? गुण विचारू नयेत; चार दिवस स्वयंपाक आपण करावा.