लवचीक पेरोव्हस्काइट सौरघट : यांत्रिक टिकाऊपणाचा विचार

जपानमधील त्सुतोमु मियासाका व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये बनविलेल्या पेरोव्हस्काइट सौरघटाची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. प्रयोगशाळेत ती आज २५ टक्क्यांपलीकडे गेली आहे. प्रकाश शोषणारा थर अतिशय पातळ असून कमी तापमानाला तयार होत असल्याने हा घट काचेऐवजी प्लॅस्टिकच्या पटलावरही बनविता येतो. मात्र घट वाकविला की बाहेरील पृष्ठभाग ताणला जातो. लांबीतील ही सापेक्ष वाढ, म्हणजेच विकृती, स्थूलमानाने जाडी भागिले वक्रतात्रिज्येची दुप्पट इतकी असते. १०० मायक्रोमीटर जाडीचे पटल ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकविल्यास ती १ टक्का होते. याच सुमारास इंडियम टिन ऑक्साइडच्या ठिसूळ पारदर्शक विद्युतअग्राला तडे जाऊ लागतात. पेरोव्हस्काइटच्या स्फटिककणांमधील सीमा दुभंगल्यास आर्द्रता आत शिरते आणि शिसे बाहेर पडण्याचा धोका संभवतो.

पटलाची जाडी निम्मी केल्यास विकृतीही निम्मी होते. वरून तितकेच ताठ व जाड आवरण दिल्यास ठिसूळ थर मध्यभागी, जेथे विकृती जवळजवळ शून्य असते अशा उदासीन प्रतलात येतात. म्हणूनच घट किती वेळा वाकविला, हा आकडा त्रिज्या व जाडी यांच्या उल्लेखाविना टिकाऊपणाचा पुरावा ठरत नाही.