गाडीची चावी घरीच तयार करा, पण दोन चाव्या हातात असतानाच

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुले बहुधा पहिल्या वर्ष-दोन वर्षांत एखादी जुनी गाडी घेतात. तिथल्या बऱ्याच शहरांत गाडीवाचून भागत नाही. सौदा करताना ती इंजिन पाहतात, टायर पाहतात, भावात घासाघीस करतात. पण चाव्या किती मिळाल्या याकडे लक्ष देत नाहीत. विकणारा एक चावी हातावर ठेवतो आणि दुसरी ‘सापडली की देतो’ म्हणतो. ती दुसरी चावी म्हणजे किती मोठी सोय आहे, हे या लेखात सांगायचे आहे.

प्रथम चावी म्हणजे काय ते समजून घेऊ. आजची चावी दिसायला एक असली तरी तिच्यात तीन वस्तू असतात. पहिली, कुलूप फिरवणारी धातूची पाती. दुसरी, चावीच्या डोक्यात बसवलेली बारीक चिप. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवती तारेचे वेटोळे असते, त्यातून तिला शक्ती मिळते आणि ती आपला नंबर गाडीला कळवते. नंबर ओळखीचा निघाला तरच इंजिन चालते. तिसरी वस्तू म्हणजे दरवाजे उघडबंद करणारी बटणे, म्हणजे रिमोट. याला मात्र सेल लागतो. बटणे चालेनाशी झाली की लोक नवी चावी घ्यायला धावतात. पुष्कळदा दोष फक्त सेलचा असतो. अनेक चाव्यांत सीआर २०३२ या नंबरचा तीन व्होल्टचा चपटा सेल असतो. तो बदलून पाहावा, मग पुढचा खर्च करावा.

आता मूळ मामला. फोर्ड कंपनीने अमेरिकेत १९९६ पासून काही गाड्यांत चिपची चावी आणली. अशा अनेक मॉडेलांत मालकाला तिसरी चावी स्वतः जोडून घेता येते. अट एकच : गाडीला आधीच ओळखीच्या असलेल्या दोन वेगवेगळ्या चाव्या हातात हव्यात. त्या मॉडेलला चालणारी नवी चिप-चावी विकत घ्यावी, चावीवाल्याकडून पाती कापून घ्यावी आणि गाडीत बसून पुढीलप्रमाणे करावे :

१) पहिली जुनी चावी लावून ‘ऑन’वर फिरवा. इंजिन सुरू करू नका. पाच सेकंद थांबून बंद करा आणि चावी काढा.

२) तीन सेकंद जाऊ द्या, पण दहा सेकंदांच्या आत दुसरी जुनी चावी लावा. तसेच पाच सेकंद ‘ऑन’ ठेवून बंद करा आणि काढा.

३) पुन्हा दहा सेकंदांच्या आत नवी चावी लावून ‘ऑन’ करा आणि सहा-सात सेकंद तशीच ठेवा.

चोरी-इशाऱ्याचा दिवा सुमारे तीन सेकंद लागून विझला आणि इंजिन सुरू झाले, की काम फत्ते. दिवा भराभर लुकलुकू लागला तर एखादे मिनिट थांबून पहिल्यापासून करावे. वर्षानुसार सेकंदांत थोडा फरक असतो, म्हणून गाडीसोबतचे माहितीपुस्तक आधी वाचावे.

रिमोटची तजवीज वेगळी. फोर्डच्या जुन्या मॉडेलांत दहा सेकंदांत चावी आठ वेळा बंद-चालू करायची आणि शेवटी ‘ऑन’वर ठेवायची. दरवाज्यांची कुलपे आपोआप हलली की लगेच प्रत्येक रिमोटचे एक बटण दाबायचे. जुने रिमोटही त्याच वेळी दाबावेत. जे राहून जाईल ते गाडी विसरते.

जनरल मोटर्सच्या काही जुन्या गाड्यांत एकच नवी चावी ‘ऑन’वर दहा मिनिटे, अशी तीन वेळा ठेवली की जुळते. मात्र त्यात जुन्या चाव्या रद्द होतात आणि त्या पुन्हा जोडाव्या लागतात. अर्धा तास वीज खर्च होते, म्हणून बॅटरी भरलेली असावी.

आता खबरदारी. एक, चावीवाल्याने जुन्या चिपची हुबेहूब नक्कल करून दिली असेल तर दोन्हींचा नंबर एकच असतो. गाडी त्यांना एकच चावी समजते आणि वरचा उपाय चालत नाही. दोन, रिमोट घेताना मागचा एफसीसी क्रमांक जुन्याशी जुळवून पाहावा. अमेरिकेतील पुष्कळ रिमोट ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात, आपल्याकडचे व युरोपातले साधारणपणे ४३३ वर. नुसता आकार सारखा असून भागत नाही. तीन, ही सर्वांत महत्त्वाची. फोर्डच्या या पद्धतीने नवी चावी जोडली तरी हरवलेली चावी रद्द होत नाही. चावी चोरीला गेली असेल तर यंत्र असलेल्या कारागिराकडून ती गाडीच्या यादीतून काढूनच घ्यावी.

दोन चाव्यांची अट त्रासाची वाटेल, पण तिच्यात शहाणपण आहे. गाडी धुणाऱ्याच्या किंवा मेकॅनिकच्या हातात आपण एकच चावी देतो. एका चावीवर दुसरी तयार होऊ लागली तर हिफाजत कसली राहणार?

आपल्याकडे भारतात बहुतेक गाड्यांत चिप जोडण्याचे काम यंत्र लावल्याशिवाय होत नाही. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांचेही बहुधा तसेच आहे. पण धडा इथेही तोच. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी दोन्ही चाव्या मागते. एकच दाखवली तर तकरार उभी राहते.

तेव्हा जुनी गाडी घेताना दुसरी चावी हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत. अमेरिकेत अशी गाडी असेल तर येत्या सुट्टीच्या दिवशीच तिसरी चावी जोडून घ्यावी. आज दोन चाव्या आहेत तोवर हे दहा मिनिटांचे काम आहे. उद्या एक हरवली की तेच काम कारागिराच्या दारात जाते, आणि भाव तो सांगेल तो.