महामार्गाचा आवाज आणि काळविटांचा माळ

थंडीच्या रात्री शेतात जागलीला बसले, की वाशीम स्टेशनवरील गाडीची शिट्टी दूरवर स्पष्ट ऐकू येते. भर दुपारी तीच येत नाही. लहानपणी मला वाटे, रात्री सामसूम असते म्हणून असे होत असेल. भूगोलाच्या अभ्यासात कळले, की हे कारण अर्धेच आहे.

दिवसा जमिनीलगतची हवा तापते आणि ध्वनिलहरी वर वळून निघून जातात. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते. खाली थंड व वर उबदार हवा असा थर जमतो. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. अशा वेळी वर निघालेला आवाज पुन्हा जमिनीकडे वाकतो.

ही गोष्ट आज आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सुमारे १८ चौरस किलोमीटरच्या कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला.

आवाज किती दूर जाईल, हे गणिताने काढता येते. एकट्या मोटारीचा आवाज अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबेलने उतरतो. महामार्गावर मात्र वाहनांची रांग असते. आवाज बिंदूतून नव्हे, रेषेतून निघतो. म्हणून घट ३ डेसिबेलच होते. समजा, ५० मीटरवर दोन्हींचा आवाज ७० डेसिबेल आहे. तर ८०० मीटरवर मोटारीचा ४६ उरेल, रांगेचा ५८. यात मऊ माती, गवत, वारा व तापमान यांचा हिशेब मिळवला, की आवाजाचा नकाशा तयार होतो.

पण नुसत्या आवाजाने काय बिघडते? अमेरिकेतील आयडाहो राज्यात २०१२ साली संशोधकांनी रस्ता नसलेल्या डोंगरधारेवर ध्वनिवर्धकांतून वाहनांचा आवाज ऐकवला. तेथील पक्ष्यांची संख्या चतुर्थांशाहून अधिक घटली. तेथे ना रस्ता होता, ना धूर. होता तो फक्त आवाज.

ध्वनिरोधक भिंतीमुळे जवळच्या भागाला आडोसा मिळतो. पण रात्री आवाज तिच्यावरून वाकून पुढे उतरतो. म्हणून दुपारी घेतलेल्या मोजणीवर विसंबून चालणार नाही. आपल्या भूगोल विभागाने एक क्षेत्रभेट पौषातल्या रात्री, अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहून, आवाज मोजण्यासाठी काढावी, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. माळावरच्या मुक्या जिवांना तक्रार करता येत नाही. निदान आकडे तरी आपण मांडू या.