हुकाचा काटा

आमच्या ट्रेकच्या ग्रुपच्या मालकीची वस्तू एकच, बॅगा तोलायचा हुकाचा काटा. तंबू भाड्याचा, दोर उसना. काटा मात्र २०१६ साली वर्गणी काढून घेतला, कारण आमच्यातला पहिला गडी तेव्हा टेक्सासला निघाला होता. तोवर आमची पद्धत अशी होती की आधी एकट्याने वजनकाट्यावर उभं राहायचं, मग बॅग कवटाळून उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. बॅग कवटाळली की पायाखालचा आकडा दिसत नाही. तो वाचायला दुसरा माणूस फरशीवर पालथा.

काट्याच्या पाठीवर मेडिकलच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी आहे. निघणाऱ्याने त्यावर बॉलपेनने शहर आणि शेवटचा आकडा लिहायचा, असा रिवाज पडला. डॅलस २२.८. डब्लिन २२.९. मेलबर्न २९.६, कारण त्याच्या तिकिटावर तीस किलो होते. आम्ही सगळे त्याच्यावर जळलो. टोरांटो २३.४ आणि पुढे उद्गारचिन्ह. काउंटरवरच्या बाईंनी ते चारशे ग्रॅम माफ केले, ही गोष्ट तो अजून सांगतो. पट्टीवर एका नावाची जागा उरली होती. तिथे यंदा मी श्टुटगार्ट लिहिलं.

पुण्याच्या इंजिनिअरला हे शहर तसं अनोळखी नाही. मर्सिडीजचं ते मूळ गाव आणि मर्सिडीज आमच्या चाकणलाही जोडली जाते. शिवाय १९६८ पासून श्टुटगार्ट हे मुंबईचं भगिनी शहर आहे. ही माहिती मी आईला दिली आणि पस्तावले. "मुंबईच्या बहिणीकडेच चालली आहे," असं तिने सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं.

निरोपाची जेवणं तीन झाली. हॉटेलात बारा जणांच्या टेबलाला दोन टोकं असतात आणि ज्याच्याशी बोलायचं तो नेमका दुसऱ्या टोकाला बसतो. त्यापेक्षा बॅग भरायची रात्र बरी. तिला ग्रुपमधले आम्ही चौघंच होतो, आणि कामं न वाटताच वाटली गेली. सर्वांत उंच मित्र उचलणार. माझी रूममेट आकडा वाचून वहीत लिहिणार. तिसरा मित्र, ज्याला आम्ही न्यायमूर्ती म्हणतो, काय राहणार ते ठरवणार. मी घड्या घालणार.

तेवीस किलोच्या दोन बॅगा म्हणजे शेहेचाळीस किलो, असं निघेपर्यंत वाटतं. रिकामी बॅग हुकाला लावली तर ४.१ भरली. दोन्हींचे ८.२ गेले. उरले ३७.८ किलो. एकोणतीस वर्षांचा संसार त्यात बसवायचा होता.

तोलण्याचंही एक तंत्र आहे. पट्टा हँडलमधून ओवायचा, हूक अडकवायचा आणि बॅग एका दमात, हिसका न देता उचलायची. हिसका बसला की आकडा नाचतो. बॅगेचं चाक पलंगाला टेकलं तर काटा अर्धा किलो खोटं बोलतो. बॅग झोके घेत स्थिर होईपर्यंत उंच मित्र दात-ओठ खात उभा राहतो, मग बीप वाजतो आणि आकडा गोठतो. पहिला आकडा २७.३ होता. "काढ," न्यायमूर्ती म्हणाले.

सर्वांत आधी मिक्सर गेला. विजेची अडचण नव्हती. तिथेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच. प्लगचा आकार वेगळा, पण तो बदलता येतो. अडचण वजनाची होती. तीन भांडी धरून साडेचार किलो. रूममेटने काही न बोलता तो उचलून स्वतःच्या ओट्यावर नेऊन ठेवला. कुकर राहिला, कारण कुकर पोकळ असतो. त्यात गोडा मसाला, मेतकूट, हळद आणि हिंग ठासून भरलं, शिट्टी मोज्यात गुंडाळली आणि रिंग पुस्तकात दाबली. उशीचे अभ्रे काढले. माझ्या जर्मनच्या वर्गातली एक जण आधीच तिकडे गेली आहे. तिने बजावलं होतं की तिथली उशी ऐंशी बाय ऐंशीची चौकोनी असते, आपले अभ्रे तिच्या एका खांद्यालाही पुरत नाहीत.

मग आईचा ढीग. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे साजूक तूप, पेढे आणि आंबा बर्फी एका फटक्यात बाद. खोबऱ्याची गोष्ट आणखी गमतीची. नारळाला युरोपची हरकत नाही. अननस, केळं, खजूर अशा मोजक्या फळांबरोबर त्याला मोकळी वाट आहे. पण सुकं खोबरं आपल्याकडेच विमानाच्या सामानात चालत नाही. तेलामुळे ते पेट घेतं. आईने वाटी परत डब्यात ठेवली. "निघताना हातावर दही तरी घालू देतील का?" पोटातून न्यायला बंदी नाही, असं मी तिला सांगितलं.

मावशीने एका भाच्यासाठी लोणच्याची बरणी पाठवली होती. तो फ्रँकफर्टला असतो. "जवळच असेल ना?" साधारण दोनशे किलोमीटर, मावशी. बरणी इथेच राहिली.

साडेबाराला एक बॅग २३.० वर आली. दुसरी २४.७. ट्रेकचे बूट मी पायात घालून जाणार होते आणि जाड जाकीट अंगात. पॉवरबँक हातातल्या बॅगेत गेली, तशीही ती खालच्या सामानात चालत नाही. वादाच्या वस्तू दोनच उरल्या: सोलापूरहून आणलेली शेंगदाण्याच्या चटणीची अर्ध्या किलोची पुडी आणि माझी स्लीपिंग बॅग, १.२ किलो. दोन्ही काढल्या तर काटा बरोब्बर तेवीसवर येत होता.

"चटणी ने, ती संपेल तरी. स्लीपिंग बॅग इथेच राहू दे," न्यायमूर्ती म्हणाले.

"तिथे डोंगर आहेत."

"आणि डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर काय पांघरणार?"

"डिसेंबरात मी इथे नसेन ना."

उंच मित्राने विनाकारण पहिली बॅग पुन्हा उचलली. बीप वाजला. २३.०. रूममेटने तो आकडा पुन्हा वहीत लिहिला.

शेवटी स्लीपिंग बॅग आत गेली आणि तिच्या जागेसाठी दोन जीन्स आणि एक शब्दकोश बाहेर आले. चटणीही बाहेरच राहिली. न्यायमूर्तींनी निकाल मान्य केला, पण पुडी स्वतःच्या खिशात घातली.

काट्याचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. मागे राहणाऱ्या तिघांपैकी सध्या कुणीच निघत नाही. "तूच ने. येताना बॅग भरावी लागेल," रूममेट म्हणाली. आधीच्या चौघांपैकी कुणाला हे सुचलं नव्हतं. पण काटा बॅगेत ठेवला तर बॅग कशाने तोलणार? तो जाकिटाच्या खिशात गेला.

मुंबईला टर्मिनल दोनच्या दाराशी जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतो, आणि ज्याच्याकडे तिकीट नाही तो बाहेर थांबतो. मागे गाड्यांचे हॉर्न, पुढे ट्रॉल्यांची रांग. तिथे कुणाला नीट काही बोलता येत नाही. आम्हीही बोललो नाही. उंच मित्राने दोन्ही बॅगा ट्रॉलीवर चढवल्या, शेवटची चाचपणी केल्यासारख्या.

काउंटरवर आकडे उमटले. २२.८ आणि २२.७. आमचा काटा जरा जास्तच दाखवतो, हे तेव्हा कळलं. मी दोन्ही आकडे ग्रुपवर टाकले.

न्यायमूर्तींचं उत्तर लगेच आलं. "अर्धा किलो फुकट गेला. चटणी बसली असती."

एक वाजता, विमानाच्या गेटपाशी बसले असताना, आणखी एक फोटो आला. एक्सप्रेसवेवरचा फूड मॉल, स्टीलचं टेबल, तीन वडापाव आणि मधोमध फोडलेली पुडी.