लय घरची, वाद्य परदेशचे

वाचकहो, घरात ठुमरी-दादऱ्याचा रियाज चालू असावा आणि मुलाने पाश्चात्य ड्रमचा ध्यास घ्यावा, तर आपण काय म्हणाल? मुंबईच्या त्रिलोक गुर्टू यांनी नेमके हेच केले.

त्यांचा जन्म १९५१ सालचा. आई शोभा गुर्टू मूळच्या बेळगावच्या, ठुमरीच्या विख्यात गायिका. आजी मेनकाबाई शिरोडकर नृत्यात व गाण्यात जाणकार. अशा घरात तबला लहानपणीच हाती आला. पुढे १९७० च्या दशकात मन ड्रमकडे ओढले गेले. शिकायचे कसे? ध्वनिमुद्रिका ऐकून! निरनिराळे वादन स्वतंत्रपणे मुद्रित करून एकावर एक चढविता येते, ही स्टुडिओतील युक्ती त्यांना ठाऊक नव्हती. ऐकू येते ते सारे एकाच वेळी वाजविलेले, असे समजून ते तेवढे सगळे एकट्याने बसवू लागले. अज्ञानाचा असा लाभ क्वचितच कोणाला होतो!

१९८४ मध्ये 'ओरेगॉन' या अमेरिकन वाद्यवृंदाचे तालवादक कॉलिन वॉलकॉट अपघातात निवर्तले. त्यांच्या जागी पुढे त्रिलोक आले. नंतर गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांचीही साथ त्यांनी केली. स्टुलावर न बसता, जमिनीलगत गुडघा टेकून वाजविण्याची त्यांची रीत. तबला हाताशीच, शेजारी पाण्याची बादली. निनादणारी झांज तीत बुडविली, की नाद हळूच वाकतो.

१९८८ साली 'उस्फ्रेट' ही त्यांची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली. तीत गाण्यासाठी त्यांनी बोलाविले ते आईलाच.