रेतीतली लाही, कागदातली लाही

लक्ष्मीपूजनासाठी बत्तासे आणायला भंडाऱ्याच्या बाजारात गेलो, तेव्हा मायक्रोवेव्हमध्ये फुटणाऱ्या मक्याची काही पाकिटंही घेतली. घरी मोठ्या आईनं त्यातलं एक दाबून पाहिलं आणि विचारलं, "याच्यात रेती कुठी हाये?"

तिनं जन्मभर धानाच्या लाह्या फोडल्या आहेत. चुलीवर लोखंडी कढई, तीत वैनगंगेची चाळलेली बारीक रेती. रेती कडक तापली की मूठभर धान टाकायचं, झाडणीनं हलवायचं, फुटलं की लगेच चाळून घ्यायचं. दाण्याला सगळीकडून सारखी आच लागावी म्हणून रेती. धान फार सुकलेलं असलं तर ती आदल्या रात्री पाण्याचा हबका मारून ठेवते. (मुरमुरा वेगळा. तो उकडलेल्या धानाच्या तांदळाचा, लाही टरफलासकट कच्च्या धानाची.)

तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी एक पाकीट कापलं. तळाच्या कागदात करडा चौकोन सापडला. प्लास्टिकच्या पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. मायक्रोवेव्हच्या २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी दाण्यातलं पाणी तापवतात, पण कोरडा कागद त्यांनी जवळजवळ तापत नाही. हा चौकोन मात्र लहरी शोषून २०० अंशांच्या वर जातो आणि वरच्या दाण्यांना, तेलाला चटका देतो. पाकिटाची कोणती बाजू वर ठेवायची हे ठळक छापलेलं असतं ते याचसाठी. "हीच तुझी रेती," मी म्हटलं. तिनं बोट फिरवून पाहिलं.

पुढचं दोन्हीकडे बरंचसं सारखं. मक्याच्या दाण्यात साधारण १४ टक्के पाणी असतं. १८० अंशांच्या आसपास त्याच्या वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या नऊपट होतो, कवच फाटतं आणि मऊ झालेला पिठूळ गर फेसासारखा फुलून तिथल्या तिथे थिजतो. मक्याचं कवच एकसंध, म्हणून फूल मोठं. धानाचं टरफल दोन पाकळ्या एकमेकींत अडकून झालेलं असतं. वाफ तेवढी कोंडत नाही, म्हणून लाही लहान आणि लांबट.

१९४५ साली अमेरिकेत रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातला गोड खाऊ रडारच्या लहरी निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉनजवळ वितळला, आणि मग त्यानं मक्याचे दाणे ठेवून पाहिले, अशी हकीकत सांगतात. १९४७ मध्ये आलेली पहिली मायक्रोवेव्ह भट्टी माणसाएवढी उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाची होती. मक्याची पाकिटं घरोघर गेली ती १९८० च्या दशकात.

माझं पहिलं पाकीट करपलं. मी घड्याळावर विसंबून बाजूला झालो होतो. मोठी आई म्हणाली, "आयकाचं असते, बापू." दुसऱ्या वेळी कान लावला. आधी तुरळक, मग सर पडावी तसा आवाज, मग पुन्हा विरळ. दोन फुटण्यांमध्ये दोनेक सेकंद गेले की बंद करायचं. या वेळी छान झाले, खारे आणि कुरकुरीत. लोण्याच्या कृत्रिम वासाचं पाकीट मी मुद्दाम घेतलं नव्हतं. २००० साली अमेरिकेत मिसुरीतल्या अशाच पाकिटांच्या एका कारखान्यातल्या कामगारांना फुप्फुसांचा गंभीर आजार झाल्याचं उघड झालं, आणि त्याचा संबंध त्या वासाच्या डायॲसिटिल या रसायनाशी जोडला गेला. धोका मोठा होता तो रोज त्या वाफेत उभं राहणाऱ्यांना. तरी मला ते विसरता येत नाही.

वाटीत न फुटलेले एकवीस दाणे उरले. मोठ्या आईनं ते टाकू दिले नाहीत. पाण्याचा हबका मारून ओल्या फडक्यात रात्रभर बांधून ठेवले. सकाळी लक्ष्मीपूजनाच्या लाह्या फोडताना तिनं शेवटी तेही रेतीत टाकले. सात फुटले. उरलेल्यांची कवचं बहुधा आधीच तडकलेली असावीत. त्यांतली वाफ केव्हाच निघून गेली होती.