घराचा विमा : किंमत कशाची, हप्ता कशाचा?

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना इच्छापोर हे गाव लागते. तापीच्या मुखाकडील हा सखल प्रदेश. खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेच्या परिसरात येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना ही नदी परकी नाही. भुसावळ आणि प्रकाशे येथून वाहत गेलेले पाणीच पुढे उकाईच्या धरणात साठते व तेथून सुरतेस पोहोचते. १९६८ च्या ऑगस्टात या नदीने सुरतेस महापूर दाखविला. १९७२ मध्ये उकाईचे धरण पुरे झाले आणि लोक निर्धास्त झाले. परंतु ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून प्रचंड पाणी सोडावे लागले आणि शहराचा फार मोठा भाग पुन्हा बुडाला. धरणाने पुराचे भय कमी होते. ते नाहीसे होत नाही.

असे असूनही स्वतःच्या आयुष्याचा व वाहनाचा विमा उतरविणारा गृहस्थ घराचा विमा क्वचितच उतरवितो. हा विमा आपल्याला परवडणार नाही, अशी त्याची समजूत असते. या समजुतीच्या मुळाशी बहुधा हिशेबाची एक चूक असते.

समजा, इच्छापोरला एका कुटुंबाचे सहाशे चौरस फूट चटईक्षेत्राचे घर आहे आणि बाजारात त्याला चाळीस लाख रुपये येतील. गृहस्थ विम्याचा हिशेब चाळीस लाखांवर करतो आणि हप्ता ऐकून मागे फिरतो. पण या चाळीस लाखांत जमिनीची किंमत मोठी आहे, आणि जमीन जळत नाही की कोसळत नाही. विमा उतरवावयाचा तो बांधकामाचा. ते पुन्हा उभारण्यास चौरस फुटास दोन हजार रुपये लागतील असे धरले, तर विम्याची रक्कम बारा लाख होते. हप्ता या बारा लाखांवर बसतो. साध्या घरासाठी तो वर्षाला पुष्कळदा काही शेकडे ते एक-दोन हजार रुपयांत भागतो.

खरी काटकसर येथे आहे. याउलट बांधकामाचा खर्च बारा लाख असताना हप्ता वाचावा म्हणून सहा लाखांचाच विमा उतरविणे ही काटकसर नव्हे. घर पूर्ण पडले तर सहा लाखांवर एक रुपयाही मिळणार नाही.

ग्राहकाची फसगत टळावी म्हणून विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाचे एकसारखे विमापत्र सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना लागू केले आहे. त्यात आग, पूर, वादळ, भूकंप, दरड कोसळणे, दंगल इत्यादी आपत्तींचा समावेश आहे. इमारतीचा विमा घेतला की तिच्या विमा रकमेच्या वीस टक्के, परंतु दहा लाखांहून अधिक नाही, एवढे संरक्षण घरातील सामानास यादी न देताही मिळते. वरील उदाहरणात ते दोन लाख चाळीस हजार होईल. विमापत्र दहा वर्षांपर्यंतचे घेता येते, आणि दीर्घ मुदतीत इमारतीची विमा रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी आपोआप वाढते.

मूळ संरक्षण सर्वत्र सारखेच असल्यामुळे ग्राहकाचे काम सोपे झाले आहे. तेच क्षेत्रफळ व तोच बांधकाम खर्च सांगून तीन-चार कंपन्यांकडे हप्ता विचारावा आणि मगच निवड करावी. गृहकर्ज घेताना बँकेत जो विमा उतरविला जातो, तो कित्येकदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. घराचाही उतरविला आहे काय, हे कागद वाचून पाहावे. भाडेकरूने इमारतीची चिंता करू नये. केवळ सामानाचा विमा त्याला स्वतंत्रपणे घेता येतो आणि तो आणखी स्वस्त पडतो.

काही मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. भिंतीची जुनी ओल किंवा काळाने आलेली झीज विमा भरून देत नाही. सोन्याचे दागिने आपोआप मिळणाऱ्या संरक्षणात येत नाहीत. त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो. सुरतेकडे अनेक घरांत भरतकामाचे यंत्र चालते किंवा कापडाचे तागे साठविलेले असतात. हे विमापत्र राहत्या घरासाठी आहे, व्यापारी मालासाठी नाही. असा उद्योग लपवून ठेवल्यास ऐन वेळी मागणी नाकारली जाण्याचा धोका असतो.

नुकसान झाल्यास कंपनीस ताबडतोब कळवावे, छायाचित्रे काढावीत आणि पाहणीपूर्वी भिजलेले सामान फेकून देऊ नये. विमापत्राची एक प्रत दुसऱ्या गावी नातलगाकडे ठेवलेली बरी, कारण पुरात कपाटही बुडते. कंपनीकडे तक्रार करूनही न्याय न मिळाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे जुने लोक सांगत. पाणी उंबऱ्याशी आल्यावर विमा उतरविता येत नाही. तो कोरड्या दिवसांतच, शांतपणे आकडेमोड करून उतरवावयाचा असतो. त्या आकडेमोडीत जमीन वगळली आणि बांधकाम पुरते धरले, म्हणजे सामान्य गृहस्थाच्या मिळकतीतही घराचे रक्षण बसू शकते.